स्पेनमधले लोक गेलेल्या माणसांची आठवण कशी ठेवतात? आपल्या पितृपक्षासारखं त्यांच्यात काही असतं का?

आधी एक गैरसमज काढून टाका. तोंडावर कवटी रंगवणं, घरात झेंडूची आरास करणं, हे मेक्सिकोचं. भाषा एक म्हणून चालीरीती एक होत नाहीत. स्पेनमध्ये शेवंती. आणि ती इतकी पक्की मेलेल्यांची, की लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवऱ्याच्या आत्याच्या वाढदिवसाला मी शेवंतीची कुंडी घेऊन गेले, तेव्हा आत्याबाईंनी ती दाराबाहेरच ठेवून घेतली.

मी अकरा वर्षं हाएन प्रांतातल्या एका गावात राहते. दक्षिण स्पेन, नजर जाईल तिथवर ऑलिव्हची झाडं. इथे पंधरवडा नसतो, तिथी नसते. 1 नोव्हेंबरला 'तोदोस लोस सांतोस', म्हणजे सर्व संतांचा दिवस, देशभर सुट्टी. 2 नोव्हेंबर खरा मृतांचा, पण त्याला सुट्टी नाही, म्हणून सगळे 1 तारखेलाच स्मशानात हजर. एका अर्थी सर्वपित्रीच.

आणि स्मशानात जायचं म्हणजे हात जोडून परत यायचं नाही. चार-पाच दिवस आधी बादली, ब्लीच, फडकी घेऊन बायका तिथे साफसफाई करतात. गावातल्या बहुतेकांना जमिनीत पुरत नाहीत, भिंतीत कप्पे असतात, त्याला निचो म्हणतात. एकावर एक चार ओळी, पुढे दगडी पाटी. आमचा निचो सगळ्यात वरचा, त्यामुळे चाकांची लोखंडी शिडी ढकलत आणायची आणि सासूबाई खाली उभ्या राहून सांगणार, 'डावीकडचं अक्षर राहिलं.' कोरलेल्या अक्षरांतली धूळ जुन्या टूथब्रशनं काढायची, हे माझं काम. त्या एका कप्प्यात सासरे आहेत आणि त्यांच्या वडिलांची हाडं एकत्र करून मागे ठेवलीत. पुढची जागा कोणाची हे सासूबाई अगदी खुशाल सांगतात, 'माझी.' तो कप्पाही कायमचा नसतो बरं का. बऱ्याच ठिकाणी तो ठरावीक वर्षांसाठी मिळतो. मुदत संपली आणि कोणी पैसे भरले नाहीत, की हाडं सगळ्यांच्या सामायिक खड्ड्यात.

घरातला प्रकार मात्र वेगळा, आणि मी उत्तर लिहायला बसले ते त्यासाठी.

'मारिपोसा' म्हणजे फुलपाखरू. पण दुकानात याच नावाची छोटी डबी मिळते, तिच्यात बारीक वाती आणि त्या तरंगत्या ठेवायला बुचाच्या चकत्या. वाडग्यात पाणी, वर बोटभर ऑलिव्हचं तेल, त्यावर वात. घरातल्या गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक. 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी लावायची आणि तेल असेपर्यंत जळू द्यायची. पहिल्या वर्षी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रात्री स्वयंपाकघरात गेले तर सिंकमध्ये वाडगा आणि त्यात पाच ज्योती. माणसं झोपलेली, पडदा जवळ. मी आपली फुंकर मारली आणि शहाणपणा म्हणून तेल गाळून बाटलीत परत भरलं. सकाळी सासूबाई ओरडल्या नाहीत. तीन दिवस बोलल्याच नाहीत. नवरा म्हणाला, 'तू बाबांना विझवलंस.'

चार वर्षांनी जानेवारीत माझे अप्पा गेले. मला तिकीट मिळेपर्यंत तिसरा दिवस उजाडला, अस्थी सावडून झाल्या होत्या. दहाव्याला नदीवर मी पिंडाजवळ सरकले, तर दादा म्हणाला, 'तू मागे थांब. तुझं गोत्र आता काय ते सासूला विचार.' लोक हसले. गुरुजीही हसले. कावळा तासभर शिवला नाही, मग दर्भाचा कावळा करून लावला.

त्या वर्षी 31 तारखेला सासूबाईंनी वाडगा काढला, सहा वाती मोजल्या आणि मला विचारलं, 'तुझ्या वडिलांचं नाव काय?' मी म्हटलं, 'विठ्ठल.' ठ त्यांना बापजन्मात जमणार नाही. वात तेलावर सोडताना 'दोन वितल' असं म्हणाल्या. 'दोन' म्हणजे आपलं 'श्रीयुत'. गोत्र विचारलं नाही. मुलगा आहे का, तेही नाही.

त्याच रात्री आमच्याकडे गाचास होतात. कणीक तेलात परतून दूध, साखर, दालचिनी आणि बडीशेपेसारखं दिसणारं मातालाऊगा घालून केलेली खीर, वर तळलेले पावाचे तुकडे. उरलेली खीर पोरं गल्लीतल्या दारांच्या कुलपांच्या भोकांत भरतात, का तर भुतं आत येऊ नयेत. म्हणजे आत स्वतःच्या माणसांसाठी दिवा आणि भोक बंद! मी यातली विसंगती दाखवली तर सासूबाई म्हणाल्या, 'आपली माणसं कुलपातून कशाला येतील?'

हे झालं एका गावाचं. कातालोनियात भाजलेली चेस्टनट आणि पानेलेत नावाची बदामाची छोटी मिठाई, बास्क भागात चर्चमध्ये लाकडी पाटीला गुंडाळलेली मेणवात, गालिसियाचं आणखी निराळं. आणि माद्रिदला राहणारी माझी नणंद यातलं काहीही करत नाही. 1 तारखेच्या सुट्टीला जोडून रजा काढते, समुद्रावर जाते आणि फुलांचे पैसे पाठवते. तेव्हा स्पेनमधलं प्रत्येक कुटुंब असं करतं, असं कुठे लिहू नका.

तुम्ही मुलगी असाल आणि 'आपल्यात बायका करत नाहीत' हे ऐकून थांबला असाल, तर थांबू नका. मला शास्त्र शिकवणाऱ्या दादानं गेल्या वर्षी अप्पांच्या श्राद्धाचे पैसे ऑनलाइन भरले आणि ऑफिसला गेला. पावतीचा फोटो फॅमिली ग्रुपवर.

दादा, तू या साइटवर पडीक असतोस, हे वाचशीलच. यंदा निम्मे पैसे मी पाठवते. संकल्पात माझं नाव घालायला सांग.