पिकअप रानात घासते, 3 इंच उचलून घेतली तर पुढे त्रास होईल का?

आधी खर्च करू नका. गाडीखाली अंथरूण टाकून झोपा आणि घासल्याच्या खुणा कुठं आहेत ते बघा. तुम्ही लिहिलंय की पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) आहे, मागे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत आणि उसाच्या रानातल्या चाकोरीत गाडी टेकते. खुणा मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर (मागच्या दोन्ही चाकांना ताकद देणारे गिअर ज्यात असतात तो) असतील, तर पाटे कितीही उंच करा, गोळा एक सूतही वर येणार नाही. तो एक्सलवर आहे आणि एक्सल चाकांवर. त्याला वर नेतो फक्त टायर. टायरचा व्यास 2 इंच वाढला, तर गोळा 1 इंच वर येतो. एवढं साधं गणित मलाही पैसे घालवल्यावर कळलं.

खुणा सायलेन्सरवर, चेसिसवर किंवा मागच्या बंपरवर असतील, तर उचलण्यात अर्थ आहे. आणि फक्त माल भरल्यावर घासत असेल, तर पाटे बसलेत. पाटे खोलून पुन्हा कमान मारून घ्या, मोडका पाटा असेल तो बदला. बहुतेकांचं काम इथंच संपतं.

माझी चूक सांगतो. सांगोल्याहून डाळिंब भरून सोलापूरला आणतो. चार वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याचं ऐकून मागे एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये 3 इंचांचे ठोकळे टाकले. गाडी दिसायला झकास! पण गिअरबॉक्स जागेवर आणि एक्सल 3 इंच खाली, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) उतार वाढला. साठच्या पुढं गेलं की फ्लोअर गुणगुणायचा. एका पावसाळ्यात दोन क्रॉस (त्या शाफ्टचे सांधे) गेले. पाचर टाकून कोन सुधारून बघितला, थोडा फरक पडला. शेवटी ठोकळे काढले आणि एक जादा पाटा घातला, दीड इंच मिळाला. आता रिकामी गाडी उड्या मारते, ते सोसतो. डाळिंब खाली उतरवल्यावरच उडते, हे आपलं नशीब.

पण खरी भीती ब्रेकची. काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलला दांडी जोडलेला एक व्हॉल्व असतो. चेसिस आणि एक्सलमधलं अंतर कमी झालं की माल आहे असं समजून तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. गाडी उचलली की त्याला वाटतं, गाडी रिकामी. भरल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी पकडतो, सगळा भार पुढच्यावर, आणि मोहोळकडून येताना पुढचा ट्रक अचानक थांबला की कळतं. जेवढी गाडी उचलली, तेवढी त्या दांडीची ब्रॅकेट सरकवायची आणि मग माल भरून, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून बघायचं. तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर कदाचित तो व्हॉल्व नसेलही, पण आधी बघा.

ब्रेकची होजही बघा: चेसिस जॅकवर घेऊन चाक पूर्ण लोंबू द्या, होज ताणली जात असेल तर लांब होज हवी. शॉकअपचंही तेच. एक्सल आणि पाटे आवळून धरणारे यू बोल्ट नवेच घ्या, जुने वाढवून चालत नाही. गाडी चाकांवर उभी असताना आवळा आणि 500 किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळा.

पुढचं नाक वर आणायला टॉर्शन बारचा बोल्ट आवळायचा, फुकटात होतं, म्हणूनच लोक जास्त आवळतात. मग चाक धरणारी आर्म खाली लोंबते, चाकाला खाली जायला जागा उरत नाही, खड्ड्यात टक् असा आवाज येतो आणि आर्मच्या टोकाचे बॉल जॉइंट लवकर जातात. दीड इंचाच्या वर जाऊ नका. त्यानंतर अलाइनमेंट करायलाच हवी, नाहीतर टायर एका कडेनं खाऊन जातं. हेडलाइटही खाली घ्या, समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

जादा पाट्यानं गाडीची भार वाहायची क्षमता वाढत नाही. आरसीवरचं वजन तेच राहतं, बेअरिंग आणि ब्रेकही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीत नोंदलेल्या, कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाला धरून नसलेला बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. दंड प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये, आणि कैदेचीही तरतूद आहे. म्हणून मूळ जातीचे पाटे दुरुस्त करणं आणि कंपनीनं त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापाचेच टायर घेणं बरं. विमा कंपनीलाही आधी विचारा.

खुणा कुठं सापडल्या ते खाली लिहा. टायरचं मापही टाका, मग पुढचं सांगता येईल.