सांगोल्यात शिकवायला येताय? आधी एवढं सांभाळा

सर, अभिनंदन! कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधनावर असलात तरी पहिलं वर्ष मोलाचं आहे. मी इथे बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून मोजकंच सांगतो.

पहिले सहा महिने फक्त ऐका. या तालुक्याने शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना तब्बल 11 वेळा आमदार केलं, पहिल्यांदा 1962 साली. दुष्काळी भाग, त्यामुळे पाण्याचा विषय निघाला की राजकारण आलंच. टपरीवर आणि स्टाफरूममध्येही. स्वतःचं मत जरूर ठेवा. पण तुम्ही कुणाच्या गाडीतून उतरलात, हे गाव आधी बघतं.

नव्या माणसाच्या चुका ठरलेल्या असतात:

- आडनावावरून जात ताडणं. पोरांना ते लगेच कळतं, मग ती मोकळेपणी बोलत नाहीत.
- उशिरा आलेल्या मुलीला वर्गाबाहेर उभं करणं. वाडीवरून सकाळची एसटी बहुधा एकच. दोनदा अपमान झाला, की घरच्यांना ‘कॉलेज पुरे’ म्हणायला निमित्त मिळतं. अशा हुशार मुली गळताना मी पाहिल्यात, म्हणून हे कळकळीने सांगतोय.
- वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चालू देणं. पहिल्याच दिवशी थांबवा.

आषाढीला हजेरी घटली तर रागावू नका, पंढरपूर जवळच आहे.

संस्थेतले गट, विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुका यावर नंतर सावकाश बोलू. तूर्त हजेरीपटावरच्या प्रत्येकाचं गाव आणि एसटीची वेळ वहीत लिहून काढा.