वाचकांचे प्रश्न: ‘कोणता मारुती गं?’

प्रश्न : आदरणीय बाई, मी नाशिकला पंचवटीत राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठीच्या सरांनी प्रकल्प दिला होता, एकच विषय तीन वेगवेगळ्या वाचकांसाठी लिहायचा. मी गोदावरीचा पूर घेतला. भांडी बाजारातल्या दुकानदारांसाठी सूचना, पुण्याच्या मामेबहिणीला पत्र आणि कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख. आता वाचकाचा विचार कसा केला, यावर दोन पानी मनोगत द्यायचंय. मी लिहिलं, ‘या प्रकल्पातून मला वाचकाचे महत्त्व समजले व खूप काही शिकायला मिळाले.’ सरांनी लाल पेनने शेरा मारला, ‘हे कुणीही लिहील.’ मग लिहायचं तरी काय? तिन्ही मजकूर कच्च्या खर्ड्यांसकट पाठवतेय. जाता जाता सांगते, सूचना वाचून माझ्या काकांनी (त्यांचं तिथे दुकान आहे) आधी विचारलं, ‘पाणी किती वाजता येणार?’ आणि मामेबहिणीचा फोन आला, ‘कोणता मारुती गं?’

— एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : सरांचा शेरा बरोबर आहे. ‘खूप काही शिकायला मिळाले’ हे वाक्य आपण चौथीतल्या सहलीच्या निबंधापासून लिहीत आलोय. त्याने कुणाचं वाईट होत नाही आणि भलंही होत नाही. पण तुझं मनोगत तू ‘जाता जाता’ म्हणून लिहूनच टाकलंयस की!

आधी काकांचा प्रश्न घे. तुझ्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात आहे, ‘संततधार पावसामुळे गोदामाईने रौद्र रूप धारण केले असून…’ दुकानाचं शटर अर्धं ओढून, मोबाइलवरचे थेंब पुसत वाचणाऱ्या माणसाला या ओळीचा उपयोग काय? पाऊस त्याला दिसतोच आहे. दुसऱ्या खर्ड्यात तू लिहिलंस, ‘आज दुपारी चारनंतर पाणी वाढेल. तळमजल्यावरचा माल पोटमाळ्यावर घ्या.’ गोदामाई गेली, वेळ आली, आणि माणसाने काय करायचं तेही आलं. हे दोन खर्डे मनोगतात शेजारी शेजारी ठेव आणि मधे काकांचा प्रश्न लिही. एक पान तिथेच भरेल.

मामेबहिणीचा प्रश्न मला जास्त आवडला. तू लिहिलंस, ‘मारुतीच्या छातीला पाणी लागलं’ आणि पुढे गेलीस. मीही जुन्या नाशिकची. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, एवढं म्हटलं की आम्हाला पूर कळतो. १९६९ आणि २००८चे पूर आठवणारी माणसं अजूनही मारुतीपासूनच सांगायला लागतात. पण पुणेकराला तो मारुती माहीत असायचं कारण नाही. मग तू दुरुस्ती काय केलीस? मारुती काढून ‘दहा हजार क्युसेक विसर्ग’ घातलास! एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. दहा हजार म्हणजे सेकंदाला पावणेतीन लाख लिटरच्या वर. गंगापूर धरणावरच्या अभियंत्याला हा आकडा पुरतो, कारण पुढचं सगळं त्याच्या डोक्यात आहे. तुझ्या बहिणीला त्यातून काय दिसणार? मारुती ठेवायचा आणि तो नदीपात्रातच उभा आहे, केवढा उंच आहे, हे एका वाक्यात सांगायचं. लिहिणारे सहसा शब्द सोपे की अवघड याची काळजी करतात. माझ्या मते ती दुय्यम. वाचकाला आधीपासून काय ठाऊक आहे आणि वाचून झाल्यावर त्याला काय करायचंय, हे दोन प्रश्न सुटले की शब्द बहुतेक आपोआप सापडतात. (बहुतेक म्हणतेय. सरकारी परिपत्रकांबाबत माझी खात्री नाही.)

आता वार्षिकांकाचा लेख. तिन्हींत तोच सर्वांत फिका आहे. ‘निसर्गापुढे मानव खुजा आहे’ हे तू कुणासाठी लिहिलंस? वार्षिकांक वाचणाऱ्या मुलांसाठी नाही. त्यातली निम्मी पुराच्या दिवशी गाडगे महाराज पुलावर मोबाइल घेऊन उभी होती. ते वाक्य गुण देणाऱ्या सरांसाठी होतं. तसं मनोगतात सरळ लिही. विद्यार्थ्याचा खरा वाचक पुष्कळदा परीक्षकच असतो, आणि तिसऱ्या लेखात तोच आड आला, हे तुझ्या प्रकल्पातलं सर्वांत खरं निरीक्षण ठरेल. अशा कबुलीवर गुण कापणारे सर ‘हे कुणीही लिहील’ असा शेरा मारत नाहीत.

दोन पानं कमी पडली तर लेखाबद्दल चार ओळीच लिही. काका आणि बहीण यांना जागा दे. खर्डे खाडाखोडीसकट जोड, सुवाच्य करून नको.

एक राहिलं. सर नाशिकचे आहेत का, ते तू कळवलं नाहीस. असतील तर दुतोंड्या मारुती समजावत बसू नकोस. बाहेरगावचे असतील तर त्यांच्यासाठीही ते एक वाक्य घाल.