गॅलरी काढायची म्हणतेस, तर…

प्रिय मुली,

मैत्रिणींनी मिळून गॅलरी काढायची म्हणतेस आणि स्वतःचं काम मागे पडेल, ही धास्तीही आहे. म्हणून तुला अमेरिकन चित्रकार हार्मनी हॅमंडबद्दल सांगते.

जन्म १९४४ चा, शिकागोचा. १९६९ मध्ये ती न्यूयॉर्कला आली. पुढे पदरात लहान मुलगी. तिथल्या नावाजलेल्या गॅलऱ्यांत बायकांच्या कामाला जागा मिळणं मुश्कील होतं. मग १९७२ मध्ये वीसजणींनी वूस्टर स्ट्रीटवर ए.आय.आर. (‘आर्टिस्ट्स इन रेसिडेन्स’) गॅलरी उघडली. हॅमंड त्यातलीच एक. निव्वळ बायकांची अशी सहकारी गॅलरी अमेरिकेत पहिलीच. पुढाकार सुसान विल्यम्स आणि बार्बरा झुकर यांचा. दोघींनी स्टुडिओंत जाऊन एकेकीचं काम पाहिलं, मग माणसं जोडली. तूही निवड काम बघूनच कर; नुसत्या मैत्रीवर भाड्याचा भार फार काळ पेलवत नाही. जागेची डागडुजी त्यांनी स्वतः केली. आपल्या प्रदर्शनात काय मांडायचं हे मात्र जिचं ती ठरवायची.

यात हॅमंडचं काम मागे पडलं नाही. मैत्रिणींनी दिलेल्या जुन्या कपड्यांच्या, रंगवलेल्या पट्ट्या ओळीओळीने लोंबत्या ठेवून तिने माणसाच्या उंचीच्या आकृत्या केल्या. त्या १९७३ मध्ये तिथेच मांडल्या. त्याच वर्षी ‘फ्लोअरपीसेस’ केले. कपड्याच्या कारखान्यांनी टाकून दिलेल्या चिंध्या उचलून आणायच्या, त्यांच्या जाड वेण्या घालायच्या, मधून बाहेर गोल गोल फिरवत टाक्यांनी जोडत जायचं. वर ॲक्रिलिक रंग, तोही सगळीकडे नाही. कुठे पेड रंगाने भरलेला, कुठे कापडाचा मूळ रंग तसाच. चित्र, पण जमिनीवर अंथरलेलं! मला तिच्या सगळ्या कामात हेच सर्वांत धीट वाटतं. भिंत आणि जमीन दोन्ही आपल्या हातात असल्याचं बळ त्यामागे असणार, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र डोळसपणे बघ. त्या वीसजणींत कृष्णवर्णीय एकटी हॉवर्डिना पिंडेल. १९८० मध्ये आना मेंदिएता, आपल्या अलीगढची झरीना आणि काझुको मियामोतो या कलावंतांनी तिथेच ‘तिसऱ्या जगातल्या’, म्हणजे अमेरिकेतल्याच गौरेतर, स्त्री-कलावंतांचं प्रदर्शन मांडलं. तुझ्या यादीतल्या सगळ्या आर्ट स्कूलच्याच दिसतात. गोधड्या शिवणाऱ्या बायकांचं काम मांडायचंय म्हणतेस, तर भिंतीवर नाव कुणाचं लावणार? त्यांना सभासद करणार का? भाड्याचा करार करण्याआधी हे सगळ्याजणी बसून ठरवा आणि मला कळव.

तुझी,
मावशी