खानापुरात बीएस्सी केमिस्ट्री करतोय, प्रोटीन आणि बायोसेन्सरमध्ये रिसर्च करायचाय, पुढं काय करू?

कर की, केमिस्ट्रीवाल्यांना उलट इथं बरं पडतं. घरात आजीचा ग्लुकोमीटर असेल तर त्याची पट्टी हाच बायोसेन्सर, लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६२ मध्ये मांडलेली आयडिया. पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा तसलंच एन्झाइम असतं, ते रक्तातल्या साखरेचे इलेक्ट्रॉन काढून घेतं, ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचले की करंट येतो आणि त्यावरनं आकडा दिसतो. आता यातलं अवघड काम सर्किटचं नाही बघ, प्रोटीनचं आहे. ई. कोलाय या बॅक्टेरियात प्रोटीन बनवायचं, कॉलममधनं (गाळणीसारखी नळी) शुद्ध करायचं, आणि इलेक्ट्रोडवर बसवल्यावरही ते मरू नये हे बघायचं, यातच पीएचडीची वर्षं जातात आणि हे कुणी आधी सांगत नाही.

आपल्याकडचाच विषय पाहिजे तर कीटकनाशक घे, बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते. ऑर्गनोफॉस्फेट औषधं ॲसिटाइलकोलिनएस्टरेज एन्झाइम बंद पाडतात, तेच एन्झाइम सेन्सरवर बसवलं की सिग्नल किती पडला त्यावरनं औषध किती ते कळतं.

एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा दे, मग पीएचडीच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर नेट. जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि वर एचआरए म्हणजे घरभाडं, तेवढ्यात भागतं. बेंगळुरूचं आयआयएससी, पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), दोन्ही रात्रीच्या गाडीनं गाठता येतात, त्यामुळं कन्नड की मराठी बाजू हा वाद इथं नको. आत्ता मात्र इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा पेपर ऑप्शनला टाकू नकोस.