विहिरीतली बुडी आणि समुद्रातले शार्क

गेल्या अंकात अंदमान आणि लक्षद्वीपच्या पाण्यातल्या शार्कांवर लेख होता. त्यावर विदर्भातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

लहानपणापासून विहिरीत पोहतो. तीस फुटांवरून तळाचा गोटा काढून आणतो, दम चांगला आहे. स्कूबाचा (पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन बुडी मारण्याचा) पूर्ण कोर्स करायलाच हवा का?
– एक वाचक, दारव्हा (यवतमाळ)

हवा, आणि इतरांपेक्षा तुम्हाला जरा जास्तच. कारण तुमचा दम. विहिरीत उतरताना तुम्ही काठावरूनच छाती भरून घेता, समजा ५ लिटर. खाली पाण्याच्या दाबानं ही हवा आकसते, १० मीटरवर अडीच लिटरच उरते आणि वर येईस्तोवर परत ५ होते. छातीला काही होत नाही. स्कूबात मात्र १० मीटर खाली, तिथल्याच दाबाची ५ लिटर हवा तुम्ही छातीत घेता. ती कोंडून वर निघालात तर वर पोचेपर्यंत तिला १० लिटर जागा लागेल. फुप्फुस फाटतं आणि हवेचे बुडबुडे रक्तातून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती भरलेली असेल तर दीड मीटर वर येणंही पुरतं. म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा भाग) तोंडातून निसटलं तरी ‘आऽऽ’ करत बारीक बुडबुडे सोडत राहायचं. घाबरला की माणूस सवयीवर जातो, आणि तुमची सवय दम धरायची आहे. प्रशिक्षकाला हे पहिल्याच दिवशी सांगा. उथळ पाण्यात रेग्युलेटर काढून परत घालण्याचा सराव अंगवळणी पडेपर्यंत करून घ्या.

‘ओपन वॉटर’ हा पहिला कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो. त्यात २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. ते तुम्हाला जड जाणार नाही. त्यानंतर १८ मीटरपर्यंत उतरता येतं, त्यापुढचा ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्स केल्यावर ३० मीटरपर्यंत.

कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून कानांकडे हलकी हवा द्यायची, पहिल्या १० मीटरमध्ये दर अर्ध्या-एक मीटरला. कान मोकळा झाला नाही तर जोर लावू नका. थोडं वर या आणि परत करा. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरूच नका. गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच संपला, तर वर येताना हवा कानात अडकते.

हवेचा हिशोबही आधी समजून घ्या. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलं की २४०० लिटर हवा होते. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव. पाण्याच्या पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असेल तर १८ मीटरवर ५६ लिटर लागते, म्हणजे जेमतेम ३२ मिनिटं. हातपाय मारणाऱ्या नवख्याची हवा त्याआधीच संपते. विहिरीत हात मारणं कामाचं असतं. इथे हात अंगाशी आणि काम पायातल्या फिन्सचं.

मुलाच्या सिकलसेल कार्डावर ‘एएस’ लिहिलं आहे. त्याला जाऊ द्यावं का?
– एक वाचिका, आरमोरी (गडचिरोली)

हा प्रश्न आपल्या भागातल्या प्रत्येक घरानं विचारायला हवा. ‘एसएस’ म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारानं ग्रस्त असेल तर स्कूबा नकोच. ऑक्सिजन कमी पडला, अंग गारठलं किंवा शरीरातलं पाणी कमी झालं की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. खोल पाण्यात काही बिघडलं तर हे सगळं एकदम होऊ शकतं. ‘एएस’ म्हणजे वाहक असेल तर सरसकट बंदी नाही, पण डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून लेखी परवानगी घ्या. पाणी कोमट असलं तरी ३ मिलिमीटरचा वेटसूट (अंग गरम ठेवणारा पोशाख) घालू द्या, भरपूर पाणी पाजा, प्रवाहाशी झुंजायला लावणारी जागा टाळा. वैद्यकीय फॉर्मवर हे लपवून ‘नाही’ लिहू नका. दमा, फिट येणं आणि हृदयविकार यांनाही हेच लागू.

शार्क अंगावर आला तर काय करायचं?
– एक वाचक, तुमसर (भंडारा)

अंदमान-लक्षद्वीपमध्ये बहुधा दिसतात ते व्हाइटटिप, ब्लॅकटिप आणि ग्रे रीफ शार्क. व्हाइटटिप दिवसा कपारीत किंवा वाळूवर निवांत पडून असतो. ग्रे रीफवर मात्र लक्ष ठेवा. त्याची पाठ कमानीसारखी झाली, छातीचे पर खाली वळले, नाक वर आलं आणि तो अंग जास्तच वळवत पोहू लागला, तर तो तुम्हाला हटायला सांगतो आहे. त्याच्याकडे तोंड ठेवून, सावकाश मागे सरका. खडक आणि तुम्ही यांच्यात त्याला कोंडू नका, कॅमेरा घेऊन मागे लागू नका. आमिष टाकून शार्क बोलावणाऱ्या सहली नवख्यांनी टाळाव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरं तर दुखापत जास्त होते ती हात टेकल्यानं. स्टोनफिश या दगडासारख्या दिसणाऱ्या माशाचा विषारी काटा लागला तर तो भाग साधारण ४५ अंशांच्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं ठेवा आणि दवाखाना गाठा. पाणी आधी दुसऱ्या, चांगल्या हातानं तपासा, नाहीतर बधिर हात भाजेल. घरट्यावर बसलेला टायटन ट्रिगरफिश हा मासा चावायला धावतो. त्याची हद्द घरट्यापासून वरच्या दिशेनं रुंदावत जाते, म्हणून वर न पळता आडवं पोहून दूर जा. प्रवाळाला हात लावू नका; ते तुटतं, आणि कायद्यानं त्याला संरक्षण आहे. व्हेल शार्कलाही २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्याच्यापासून तीन-चार मीटर दूर राहा, शेपटीकडून तर नक्कीच.

चष्मा आहे. परतीचं विमान बुडी मारली त्याच दिवशी चालेल का?
– एक वाचिका, वरुड (अमरावती)

चष्म्याचा नंबर मास्कच्या काचेत बसवून मिळतो, मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात. विमान मात्र त्या दिवशी नको. अंगात मुरलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर येतो. एकच बुडी असेल तर १२ तास आणि अनेक बुड्या किंवा सलग दिवस असतील तर किमान १८ तास थांबा. चेन्नई किंवा कोलकात्यावरून नागपूरचं तिकीट काढताना शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवा, आणि वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेग नको, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबणं चुकवू नका.