संतांचा सण सोमवारी का ढकलला?

प्रश्न : नमस्कार फादर, आमच्या वाडीत संत जोसेफांचं कपेल (छोटं चर्च) आहे. २०२३ ला १९ मार्च नेमका रविवारी आला आणि चर्चमध्ये सांगितलं की सणाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सोमवारी. मुंबईहून आलेली माणसं रविवारी रात्रीच परत जायची होती, सगळ्यांना फार वाईट वाटलं. संतांना आता दुय्यम केलंय का? आणि संत ख्रिस्तोफरना चर्चने काढून टाकलं म्हणतात ते खरं का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, वाईट वाटणारच, आपल्याकडे फेस्त, म्हणजे संताचा सण, म्हटलं की आधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, घरात पाहुणे, वर्षभर त्याचीच वाट बघायची. पण दुय्यम वगैरे काही केलेलं नाही. उपासनेचं वर्ष मुळात येशूचं आहे, आगमनकाळ (नाताळच्या आधीचे आठवडे), नाताळ, उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचे आठवडे), पास्का (ईस्टर आणि त्यानंतरचे आठवडे), पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण), आणि त्यात रविवार हा सगळ्यात जुना सण, कारण दर आठवड्याला आपण पुनरुत्थान साजरं करतो. म्हणून आगमनकाळ, उपवासकाळ आणि पास्काकाळाच्या रविवारी कुठल्याच संताचा सण होत नाही, मग तो कपेलाचा आश्रयदाता संत का असेना. २०२३ चा १९ मार्च हा उपवासकाळातला रविवार होता, त्यामुळे संत जोसेफांचा सण त्या वर्षी रोममध्येसुद्धा २० मार्चलाच झाला. सामान्यकाळात, म्हणजे या खास काळांच्या बाहेर, मात्र मोठा सण रविवारी आला तर तोच होतो, २०२५ मध्ये २९ जूनला रविवार असूनही पेत्र आणि पौल यांचीच मिस्सा झाली. आणि हो, २०२८ लाही १९ मार्च रविवारी आहे, ईस्टर १६ एप्रिलला, म्हणजे परत उपवासकाळच. मुंबईकरांना आधीच सांगून ठेवा, परतीचं तिकीट मंगळवारचं काढा म्हणावं.

मग वर्षात संत हवेतच कशाला? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. सुरुवात हुतात्म्यांपासून झाली. दुसऱ्या शतकात स्मिर्नाचे (आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर) बिशप पॉलिकार्प यांना मारलं, तिथल्या ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या अस्थी जपून ठेवल्या आणि दरवर्षी त्या दिवशी जमायचं ठरवलं. म्हणूनच बहुतेक संतांचा सण मरणाच्या दिवशी असतो, जन्माच्या नाही (बाप्तिस्मा करणाऱ्या योहानचा २४ जून आणि मरियामातेचा ८ सप्टेंबर हे अपवाद). आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया घ्या. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर टांगून भाल्यांनी भोसकलं, त्यातले ते एक, १८६२ ला संत म्हणून जाहीर झाले. येशूचं मरण आणि पुनरुत्थान आपल्याच किनाऱ्यावरच्या एका माणसाच्या आयुष्यात खरं झालं, हे त्या दिवशी आपण वेदीपुढे सांगतो, संताचा सण त्यासाठी असतो. पुढच्या फेस्ताला मिस्सेतली सुरुवातीची प्रार्थना नीट ऐका, ती सहसा संताला केलेली नसते, ती देवपित्याला असते, संताच्या मध्यस्थीने. हे कळलं की संत आणि येशू यांच्यात चढाओढ आहे असं वाटतच नाही.

ख्रिस्तोफरांचं म्हणाल तर त्यांचं संतपण कुणी काढलेलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५ मधली जगभरच्या बिशपांची सभा) सांगितलं होतं की जगभर महत्त्व असलेलेच संत सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये ठेवा, बाकीचे त्या त्या ठिकाणच्या चर्चवर सोडा. त्याप्रमाणे १९६९ ला पोप पौल सहावे यांनी कॅलेंडर बदललं, त्यात ख्रिस्तोफर सार्वत्रिक यादीतून गेले. पण संतांच्या अधिकृत नोंदीत, म्हणजे मार्टिरॉलॉजीत, २५ जुलैला त्यांचं नाव आहे आणि ज्या चर्चला त्यांचं नाव दिलंय तिथे त्यांचा सण आजही होतो.